श्रावणात भरलेली यादी

मुलांनो, आधीच माफी मागून ठेवतो. माझी शाळा आठवीत सुटली. ऱ्हस्व-दीर्घापाशी माझी गाडी अजून अडते, आणि मोठे मोठे शब्द मला येत नाहीत. कुठे चुकलेले दिसले तर पेन्सिलीने नीट करून वाचा. गोष्ट मात्र आहे तशी सांगतो.

डोंगराच्या पायथ्याशी सागाचे मोठे रान होते आणि त्या रानात एका चौशिंग्याचा मुक्काम होता. चौशिंगा म्हणजे चार शिंगांचे, शेळीएवढे लहान हरीण. हा चौशिंगा स्वभावाने फार भिडस्त. पायवाटेवर समोरून कुणी आले तर आपणच काट्यात शिरून त्याला वाट देणारा. त्या रानात तरुण जनावरांसाठी एक महाविद्यालय होते. वाऱ्याचा वास ओळखणे, माग काढणे, माग पुसणे असे विषय तिथे शिकवत. चौशिंगा अभ्यासात बेताचाच होता. पण महाविद्यालयाला लागून एक सपाट माळ होता. त्या माळावर फुटबॉल खेळत. चेंडू सुगरणींनी गवत विणून केलेला, हलका आणि गोल. तो चेंडू पायाशी आला की चौशिंग्याची भीड कुठल्या कुठे पळे. दिवसातला तेवढा एक तास तो कुणाला भीत नसे. बाकीचा दिवस तो त्या तासाची वाट बघण्यात काढी.

त्या वर्षी जुना कप्तान दुसऱ्या रानात निघून गेला, आणि सगळ्यांनी मिळून कप्तानपद चौशिंग्याच्या गळ्यात घातले. नको म्हणायलाही त्याला लाज वाटली.

आसपासच्या सहा रानांची सहा महाविद्यालये होती. आश्विनापासून माघापर्यंत दर महिन्याला एक, असे पाच सामने प्रत्येकाच्या वाट्याला येत. पंच म्हणून एक म्हातारे गिधाड होते. त्यांना सगळे गिधाडबुवा म्हणत. त्यांनी पंख उघडले की सामना सुरू, पंख मिटले की संपला. त्यांचे नियम थोडे होते, पण पक्के होते. अकरा गड्यांची यादी श्रावण संपायच्या आत द्यायची आणि एकदा दिली की वर्षभर तीच. सामन्याला निदान सात गडी मैदानात उभे पाहिजेत. सात उभे राहिले नाहीत, तर ते महाविद्यालय स्पर्धेतून कायमचे बाद, आणि त्याचा माळ ज्याचा जुना हक्क असेल त्याला परत.

सागाच्या रानातल्या या माळावर जुना हक्क होता रानडुकरांचा. मातीखाली गोड कंद होते. दर सामन्याला एक सुळेवाला थोरला रानडुक्कर कडेला येऊन बसे. खेळाकडे तो बघतही नसे. गडी मोजी आणि निघून जाई.

जुना कप्तान जाताना चौशिंग्याला एवढेच म्हणाला होता, "हरलास तरी चालेल बाबा. सात जण उभे कर. हा माळ गेला तर पुन्हा मिळायचा नाही."

गडी निवडायची त्या महाविद्यालयाची एक रीत होती. श्रावणात पंधरा दिवस ज्याला यायचे त्याने माळावर यायचे, खेळायचे, आणि ज्याच्या नावाला जास्त गलका होईल त्याचे नाव कप्तानाने यादीत घ्यायचे. श्रावणात गर्दीला काय तोटा? माळ चिंब भिजलेला, डबकी तुडुंब भरलेली. खेकडे बिळांतून वर आलेले, घोरपड उन्हाच्या तिरिपीत पाठ शेकत बसलेली. आणि बेडूक तर इतके, की या रानात दुसरे कुणी राहतच नाही असे वाटावे. त्यांत एक मोठा, हळदीसारखा पिवळाधमक बेडूक होता. त्याची उडी बघायला प्राध्यापकसुद्धा झाडावरून खाली येत.

"कप्तान, मला पुढे ठेव," पिवळा बेडूक म्हणाला. "या सहा रानांत माझ्या उडीला तोड नाही. यंदाचा चषक आपला, लिहून घे."

"आणि गेल्या साली कुठं होतास?" मुंगसाने विचारले. मुंगूस चौशिंग्याचा जुना मित्र. तोंडाचा फटकळ, पण खेळाला पक्का.

"गेल्या साली मला कुणी बोलावलं नाही," बेडूक म्हणाला, आणि जमलेल्या सगळ्या बेडकांनी एकदम असा गलका केला की मुंगसाचे पुढचे बोलणे त्यातच बुडाले.

खेकडा म्हणाला, "मी जन्मापासून आडवाच चालतो. गोलरक्षकाला आणखी काय यावं लागतं?" त्यावर सगळे हसले, आणि त्याच्याही नावाचा गलका झाला. घोरपडीच्या नावाचा झाला. पिवळ्या बेडकाच्या मागे एका धाकट्या बेडकाचा झाला. चौशिंगा पळसाच्या पानावर खुराच्या टोकाने एकेक नाव कोरत गेला. इतके सगळे आपण होऊन आपल्याकडे येत आहेत, याचेच त्याला भारी वाटत होते. आजवर त्याच्याकडे कुणी आपण होऊन आले नव्हते.

त्या पंधरा दिवसांत एक तरसही रोज येत असे. तरसाचे पुढचे पाय उंच, मागचे आखूड. चालू लागला की लंगडतो आहे असेच वाटे. संघातला वानर झाडावरून ओरडे, "अरे, याला कुणीतरी सपाट जमीन दाखवा. बिचारा अजून चढणच चढतोय." तरस कडेला बसे. चेंडू बाहेर गेला की आणून देई.

चौदाव्या दिवशी खेळ संपल्यावर तो चौशिंग्याजवळ आला.

"कप्तान, एक विचारू?"

"विचार की."

"मला फार काही येत नाही. पण मला रोज यायला जमतं. पाऊस असो, थंडी असो. एखादी जागा असेल तर बघ."

चौशिंग्याने पानाकडे पाहिले. पानावर दहाच नावे होती. पण तरसाचे नाव घेतले तर उद्या वानर काय म्हणेल, बेडूक कसे हसतील, ते त्याला आत्ताच ऐकू येऊ लागले.

"यादी भरली रे," तो म्हणाला.

"बरं," तरस म्हणाला आणि त्याच्या त्या लंगड्यासारख्या चालीने निघून गेला.

दुसऱ्या दिवशी आणखी एका धाकट्या बेडकाने चौशिंग्यापुढे तीन कोलांट्या मारल्या. गलका झाला. चौशिंग्याने अकरावे नाव कोरले आणि पान गिधाडबुवांकडे पोचते केले. मुलांनो, चौशिंगा दुष्ट नव्हता. मोठ्याने मागणाऱ्याला नाही म्हणायची त्याची छाती नव्हती. हळू मागणाऱ्याला नाही म्हणणे सोपे होते, म्हणून तो तेवढे म्हणाला.

आश्विनातला पहिला सामना त्यांनी चार गोलांनी जिंकला. माळ अजून ओलसर होता. पिवळ्या बेडकाने एकट्याने तीन गोल केले. दर वेळी चेंडू वरून यायचा आणि हा समोरच्या सगळ्यांच्या डोक्यांवरून उडून डोक्यानेच तो आत ढकलायचा. खेकड्याने गोलाच्या रेषेवर इकडून तिकडे धावत एकही चेंडू आत जाऊ दिला नाही. त्या संध्याकाळी सगळ्यांनी बेडकाला डोक्यावर घेऊन माळाभोवती तीन फेऱ्या मारल्या. रानडुकराने अकरा गडी मोजले आणि मान खाली घालून गेला. चौशिंगा घरी गेला तो जमिनीला पाय न लागताच गेला म्हणा ना.

कार्तिकात पाऊस सरला. डबकी आटली. दुसऱ्या सामन्याच्या सकाळी दोन्ही धाकटे बेडूक आलेच नाहीत. खेकडा बिळाच्या तोंडाशी बसून ओल्या चिखलाचे गोळे थापत होता.

"काय करतोस हे?" चौशिंग्याने विचारले.

"दार लिंपतोय."

"अरे, सामना आहे आज."

"आज? आज आता कसं जमेल? ओल निघून चाललीय बघ. दार आत्ता नाही लिंपलं तर मग लिंपायला चिखल कुठला?" असे म्हणून खेकड्याने आत अंग घेतले आणि शेवटचा गोळा आतून लावला. दार बंद झाले.

आठ गडी घेऊन चौशिंगा खेळला. गोलात उदमांजर उभे राहिले. ते रात्री जागणारे, दिवसा त्याच्या डोळ्यांवर झापड. तरी सामना कसाबसा बरोबरीत सुटला. पिवळ्या बेडकाचा रंग उतरला होता. त्याची उडी आता गुडघ्याएवढीच जात होती.

"बरं नाही का?" चौशिंग्याने त्याला विचारले.

"जरा सुस्ती आलीय. होईल," बेडूक म्हणाला.

मुंगूस म्हणाला, "कप्तान, हा आता होणार नाही. मला चिन्हं ठीक दिसत नाहीत."

"तू आधीपासूनच त्याच्यावर जळतोस," चौशिंगा म्हणाला. असे त्याने आपल्या मित्राला कधी म्हटले नव्हते.

मार्गशीर्षात तिसरा सामना. माळ वाळून टणक झालेला, गवत पिवळे पडलेले. मध्यंतरापर्यंत बेडूक एका जागी बसून होता. मध्यंतरानंतर चेंडू त्याच्या अगदी समोर आला. तो चेंडू सोडून हळूहळू आपल्याच गोलाच्या खांबापाशी गेला आणि मागच्या पायांनी माती उकरू लागला. उकरत उकरत तो पाठमोराच खाली चालला. आधी पाय गेले, मग पोट, मग डोळे तेवढे वर राहिले. समोरच्या संघातले कोल्हे हसून हसून लोळायला लागले. "अहो सागवाले," त्यांच्यातला एक म्हणाला, "तुमचा गडी पेरलात तर खरा, उगवणार कधी?" तेवढ्यात डोळेही मातीखाली गेले. सामना पाच गोलांनी गेला.

राहिले सात. पौषातल्या चौथ्या सामन्यात घोरपड आली, पण थंडीने अशी आखडली होती की मैदानाच्या मधोमध दगडासारखी पडून राहिली. पलीकडचे गडी तिच्यावरून उड्या मारून जात होते. नऊ गोल झाले. तरी रानडुकराने मोजले तेव्हा सात भरले. चौशिंगा त्या नऊ गोलांना लाजला नाही. सात भरले याचाच त्याला आनंद झाला. माणूस पार बुडत असला की त्याला गुडघाभर पाण्याचाही आधार वाटतो, तसे हे झाले होते. मग घोरपड कड्याच्या एका खोल भेगेत शिरली. हाक मारली तर आतून उत्तर आले नाही. भेग इतकी अरुंद, की मुंगसालाही आत शिरता येईना.

शेवटच्या सामन्याला दोन दिवस राहिले. चौशिंग्याने बोटांवर मोजावे तसे खुरांवर मोजले. आपण, मुंगूस, ससा, रानकोंबडा, उदमांजर, वानर. सहा. पुन्हा मोजले. सहाच.

सकाळीच तो उठून तरसाच्या गुहेकडे गेला. वाटेत तीनदा परत फिरला. तरस गुहेच्या तोंडाशी ऊन खात पडला होता.

"ये," तरस म्हणाला. "बस."

चौशिंगा उभाच राहिला. "माझ्याकडे सहा जण आहेत," तो म्हणाला.

"ऐकलं मी."

"सातवा लागतो."

चौशिंग्याला वाटले, आता हा आपल्याला श्रावणाची आठवण करून देईल. द्यावी, असेही त्याला वाटले. पण तरस उठला, अंग झटकले आणि म्हणाला, "चल."

दोघे मिळून गिधाडबुवांच्या वाळक्या झाडाखाली गेले. मोठा तरस पुढे आणि लहानसा चौशिंगा मागे.

"बुवा, एक विनंती आहे," चौशिंगा म्हणाला. "यादीतलं एका बेडकाचं नाव काढून तरसाचं घालायचं आहे."

"यादी श्रावणात होते," गिधाडबुवा म्हणाले.

"हो. पण बेडूक मातीखाली गेलाय."

"बेडूक दर साली मातीखाली जातो. मी नव्वद वर्षं बघतोय. तुला कुणी सांगितलं नाही?"

"नाही."

"तू कुणाला विचारलंस?"

चौशिंग्याने खाली पाहिले.

"पोरा, तुला वाटेल म्हातारा कठोर आहे," गिधाडबुवा म्हणाले. "पण आज तुझी यादी मोडली तर उद्या कोल्हे माझ्याकडे येतील, परवा रानकुत्री येतील. मग श्रावणात नीट बघून यादी कोण करील? जा."

परतताना तरस म्हणाला, "मला हे ठाऊक होतं."

"मग आलास कशाला?"

"तू बोलवायला आलास ना. बोलावल्यावर जावं." एवढे म्हणून तो आपल्या वाटेला लागला. तरस टेकाडामागे दिसेनासा झाला, तरी चौशिंगा तिथेच उभा होता.

सामन्याच्या सकाळी, कुणी यायच्या आधी, चौशिंगा आणि मुंगूस गोलाच्या खांबापाशी आले. मुंगसाने माती उकरली. हातभर खाली पिवळा बेडूक सापडला. आता तो पिवळा नव्हता. मातीच्या रंगाचा, आपल्याच कातडीच्या पातळ पापुद्र्यात गुंडाळलेला, ओल्या ढेकळासारखा दिसत होता.

"कोण?" बेडूक म्हणाला. डोळे त्याने अर्धेच उघडले.

"मी, चौशिंगा. सामना आहे."

"पाऊस लागला का?"

"नाही."

"मग मी कसा येऊ? माती लोट बाबा. कोरडी हवा येतेय."

चौशिंग्याचा संताप अनावर झाला. असा राग त्याला जन्मात आला नव्हता. "चषक आपला म्हणाला होतास," तो म्हणाला. "माझ्यापुढं सगळ्यांदेखत म्हणाला होतास. खोटारडा आहेस तू."

"खोटं नव्हतं ते," बेडूक सावकाश म्हणाला. "श्रावणात मी तसाच असतो. माघात मी असा असतो. तू विचारलं असतंस, माघात काय करतोस म्हणून, तर सांगितलं असतं. त्यात लपवण्यासारखं काय आहे?"

त्याचे डोळे पुन्हा मिटले.

मुंगूस चौशिंग्याच्या कानाशी लागला. "ऐक माझं. याचं नाव यादीत आहे. याला उचलू आणि मैदानात नेऊन ठेवू. खेळायचं नाही, पळायचं नाही, नुसता ठेवायचा. सात भरतात. सामना संपला की परत पुरू."

"ऊन चढतंय," चौशिंगा म्हणाला. "वाळून जाईल तो."

"थोडा वाळेल."

"मध्यंतरापर्यंत मरेल."

"आणि माळ गेला तर?" मुंगूस म्हणाला. "तू काय करशील माळ गेल्यावर? मला तरी सांग. मी बघतोय तुला लहानपणापासून. या माळाबाहेर तू कुणाशी धड चार शब्द बोलत नाहीस. हा बेडूक तुझा कोण लागतो?"

चौशिंग्याने मान खाली घालून बेडकाला तोंडात धरले. बेडूक थंड होता आणि हलका होता. एवढासा जीव श्रावणात इतका मोठा कसा दिसत होता, हेच त्याला कळेना. वर काढताच बेडकाच्या अंगावरचा पापुद्रा एका बाजूने सुकून तडकला. खालून नाजूक, ओली कातडी दिसली. त्या कातडीखाली काहीतरी अगदी सावकाश धडधडत होते. चौशिंगा तसाच उभा राहिला. किती वेळ, ते त्याचे त्यालाही सांगता आले नसते. मग त्याने बेडकाला पुन्हा खड्ड्यात ठेवले आणि खुराने माती लोटली. वरून पायाने हलकेच दाबली.

"गेला माळ," मुंगूस म्हणाला. तो रागावला नव्हता. त्याचा आवाज रडवेला झाला होता.

चौशिंग्याला आपण काही चांगले केले असे मुळीच वाटले नाही. त्याला नुसतेच रिकामे वाटले.

ऊन माळावर आले तेव्हा समोरच्या रानातली रानकुत्री अकराच्या अकरा येऊन रांगेत उभी राहिली. इकडे सहा जण उभे राहिले. गिधाडबुवांनी खाली उतरून मोजले. मग त्यांनी दुसऱ्यांदा मोजले. झाडाची सावली खांबापासून रेषेपर्यंत सरकेपर्यंत ते थांबले. तेवढे थांबायचा नियम नव्हता, तरी थांबले. कुणी आले नाही.

"सहा," ते म्हणाले. पंख त्यांनी उघडलेच नाहीत.

रानकुत्र्यांचा कप्तान जवळ आला. "आम्ही सकाळपासून चालत आलो रे," तो म्हणाला. "एखादा गडी पाठवून आधी कळवायचंस तरी." चौशिंग्याने फक्त मान हलवली. सकाळपर्यंत सातवा मिळेल या आशेवर त्याने कुणाला पाठवलेच नव्हते.

मग एकेक जण गेला. वानर झाडावर चढला. रानकोंबडा, ससा, उदमांजर आपापल्या वाटांनी गेले. जाताना ससा म्हणाला, "पुढल्या साली बघू," आणि मग पुढल्या साली काही नाही हे आठवून ओशाळला. मुंगूस बराच वेळ शेजारी बसला. शेवटी तोही उठला. "मी तुला दोष देत नाही," तो म्हणाला. "पण आज तुझ्याकडे बघवतही नाही." सुळेवाला रानडुक्कर कडेवरून उठला, सावकाश मैदानाच्या मध्यावर आला, आणि सुगरणींनी विणलेल्या चेंडूवर पाय देऊन उभा राहिला. "उद्यापासून," तो म्हणाला.

त्या दिवशी चौशिंगा चरायला गेला नाही. पाणी प्यायलाही गेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुके होते, आणि धुक्यातून रानडुकरांचा सारा कळप माळावर आला. त्यांनी पलीकडच्या गोलापासून सुरुवात केली. सुळे जमिनीत घालून ते ढेकळामागून ढेकूळ उलटत येऊ लागले. मागे सगळी काळी, फाटलेली माती राहत होती. चौशिंगा झुडपाआडून बघत होता. मैदानाची मधली रेषा गेली, मग इकडची. कळपातला एक जण दुसऱ्याला म्हणत होता, "नीट खोल उकर. थंडीत बेडूक खालीच असतात. कंदासोबत तेवढंच चवीला."

चौशिंगा झुडपातून बाहेर आला. तो सगळ्या कळपाच्या समोरून चालत गोलाच्या खांबापाशी गेला आणि काल ज्या ठिकाणी माती दाबली होती, त्याच्यावर चारही पाय रोवून उभा राहिला.

थोरला रानडुक्कर उकरत उकरत जवळ आला. "बाजूला हो," तो म्हणाला.

चौशिंगा हलला नाही.

रानडुकराने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिले. "इथं आता खेळबिळ काही नाही, माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

"मग कशाला उभा आहेस?"

चौशिंग्याने पाय आणखी घट्ट रोवले. रानडुक्कर थोडा वेळ थांबला, मग नाक फेंदारून वळला आणि त्याच्या खुरांच्या बाजूने उकरत पुढे गेला. आणखी दोघे डावीकडून गेले, तिघे उजवीकडून. माती चौशिंग्याच्या पोटापर्यंत उडत होती. पायाखालचा वीतभर तुकडा तेवढा शाबूत होता.

बाकीचे दोन धाकटे बेडूक याच माळात कुठेतरी निजले होते. कुठे, ते त्याला माहीत नव्हते. ते त्याने कधी विचारलेच नव्हते. कळपात एका ठिकाणी अचानक धक्काबुक्की झाली, एक जण काहीतरी तोंडात घेऊन पळाला आणि दुसरा त्याच्या मागे लागला. चौशिंग्याने तिकडे पाहिले नाही. तो खाली, आपल्या खुरांकडे बघत उभा राहिला.

तात्पर्य, मला समजले तेवढे : भरभराटीच्या दिवसांत गलका करणारे पुष्कळ मिळतात, पडत्या दिवसांत कोण उभा राहील हे आधीच विचारून सोबती निवडावा. ते विचारले नाही, तर दोष निजणाऱ्याचा नसतो, निवडणाऱ्याचा असतो.